मगदूम मॅडमचं कॉकपिट

मगदूम मॅडमच्या घरी कोणी गेलं की त्या आधी चहा विचारत नाहीत. "गोळ्या चालू हायत काय कसल्या?" असं विचारतात. नवखा माणूस गडबडतो. त्याला वाटतं, आपला चेहरा उतरलेला दिसतोय. तो बिचारा रक्तदाबाची, साखरेची सगळी हकीकत सांगायला लागतो आणि मॅडम मध्येच हात पुढे करून म्हणतात, "ते असू दे. रिकामं पाकीट हाय काय खिशात?" गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी त्यांना हवी असते. तिचे त्या पट्टे कापतात. वैमानिकाच्या कमरेचे, खांद्यांचे. हा वैमानिक उभा केला तर तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढाही भरणार नाही. आणि मजा म्हणजे वैमानिक त्या करतच नाहीत. करतात फक्त त्याची खुर्ची आणि तिच्याभोवतीचं सगळं जग.

आम्ही एकाच कॉलेजात नोकरी केली. मी मराठी शिकवायचो, त्या प्राणिशास्त्र. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या समोर होती, एवढ्याच भांडवलावर मी हे लिहितो आहे. मॅडम, म्हणजे सुनंदा मगदूम, मूळच्या शिरोळकडच्या, शेतकरी जैन घरातल्या. आवाज असा, की त्या वरच्या मजल्यावर अमीबा शिकवायला लागल्या की खाली माझ्या कवितेच्या तासाला पोरं वहीत अमीबा काढत. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्याही "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या एका नव्या प्राध्यापिकेनं पहिल्याच दिवशी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, "आलो तर खरं! आता पुढचं तुमी बघा." त्या बाई नंतर त्यांच्या जिवलग मैत्रीण झाल्या आणि वर्षाच्या आत स्वतःच "मी जातो" म्हणायला लागल्या.

लग्न केलं नाही. का, असं विचारण्याची स्टाफरूममध्ये कुणाची टाप नव्हती. एकदा प्राचार्यांनीच जेवणाच्या पंगतीत तोंड घातलं, तेव्हा "येळ झाली न्हाय" एवढं उत्तर मिळालं आणि लगेच "भात वाढू काय सर?" असा प्रश्न आला. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं हा त्यांचा नेम. तो त्यांनी स्नेहसंमेलनात, परीक्षेच्या गडबडीत, लग्नाच्या वराती रस्त्यात अडकलेल्या असतानासुद्धा पाळला. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्या एकदम उठून उभ्या राहत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "चला, माझा सूर्य चालला." पुढची मीटिंग आमचा सूर्य बुडून गेला तरी चालायची, पण तिच्यात काही राम नसायचा.

आता जैन घरातल्या बाईनं प्राणिशास्त्र घ्यावं हाच मुळात घोटाळा. त्यांना ज्या वर्षी प्रवेश मिळाला त्या वर्षी बाकीच्या विषयांच्या जागा संपलेल्या होत्या, एवढंच त्यातलं सत्य. शिकत असताना कसंबसं निभावलं. पण शिकवायला लागल्यावर प्रॅक्टिकलसाठी झुरळं मारायची वेळ आली आणि मॅडमनी सरळ सांगितलं, "मी मारणार न्हाय आनि मारायला लावणार बी न्हाय." मग झुरळाच्या तोंडाचे भाग, मिशा, पाय मुलांना दाखवायचे कसे? मॅडमनी ते तयार केले. जुन्या एक्स-रे फिल्मचे कपटे, वायरीतला तांब्याचा केस, नेलपॉलिशचा एक तपकिरी थर. खऱ्या झुरळाच्या मापाचे. काचपट्टीवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की मिशांवरची लवसुद्धा दिसायची.

एका वर्षी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी त्या काचपट्टीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"फार सुंदर काढलंय. झुरळ कुठलं मिळालं तुम्हाला?"

"घरातलंच."

"अहो, पण इतकं स्वच्छ! कुठल्या रसायनात ठेवता?"

"कशातबी न्हाय. ते माझ्या वडलांच्या छातीचा एक्सरे हाय," मॅडम म्हणाल्या.

परीक्षक हबकले, मग हसले, मग त्यांनी पुन्हा डोळा लावला. पुढे कॉलेजांतून प्राणी कापणं बंदच झालं, तेव्हा आजूबाजूच्या तालुक्यांतले प्राध्यापक मगदूम मॅडमची झुरळं बघायला कोल्हापूरला येऊ लागले. पेठ वडगावहून आलेले एक सर तर त्यांना वाकून नमस्कार करून गेले. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. "मुलांना दिसत नाही म्हणून मागच्या पायावरची लव सोडली असती तर चाललं असतं की," मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. "दिसतंय म्हणून करत न्हाय ओ मराठीवाले. हाय म्हणून करायचं."

त्यांच्या सगळ्या स्वभावाची चावी या एका वाक्यात आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्या राजारामपुरीतल्या घरात पुस्तकं, सुया, चिमटे आणि एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन बसल्या. झुरळांची गरज संपली होती. हात रिकामे होते आणि रिकाम्या हातांची मगदूम मॅडम हा शेजाऱ्यांना ताप होता. त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या मिक्सरची दुरुस्ती केली. न बिघडलेल्यांचीही केली.

अशातच एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरोळात घुसलं आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, आणि तिचे यजमान भूपालदाजी कोल्हापूरला त्यांच्याकडे राहायला आले. हे दाजी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. म्हणजे वैमानिकासमोर जी घड्याळासारखी डायलं असतात, चालू-बंद करायला वर-खाली करायच्या कळा असतात, ते सगळं तपासून जागेवर ठेवणारा माणूस. आयुष्य मिग एकवीसच्या पोटात आणि कॉकपिटात गेलं. निवृत्तीनंतर शिरोळला ऊस लावला, पण नजर तीच राहिली. घरात कुठलीही वस्तू दिसली की तिच्यासमोर उभं राहायचं, मान एकीकडे कलती करायची आणि चूक काढायची. मॅडमकडे आल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून परत लावलं, गॅसची बटणं खोलली, कुकरच्या शिट्टीत दोष काढला. एका घरात अशी दोन माणसं! आक्कांनी मला फोन करून सांगितलं, "सर, ह्या दोघांस्नी कायतरी धंदा लावा. न्हायतर मी पाण्यातच परत जातो."

धंदा मॅडमनीच लावला. दाजींना गप्प बसवायला म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या जोडायच्या विमानाचा एक खोका मागवला. मिग एकवीस, खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाचं, जोडून झाल्यावर फूटभर लांब. मी त्या दिवशी तिथं होतो. दाजींनी खोका उघडला, पंख बाजूला ठेवले, शेपूट बाजूला ठेवली आणि कॉकपिटचा तुकडा उचलून उजेडात धरला. एक खुर्ची, एक दांडा आणि एक सपाट पाटी. डायलांच्या जागी चिकटवायला एक छापील चित्र.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"चिकटवायचं," मॅडम म्हणाल्या.

"ह्यात माणूस बसवून वर सोडणार तू? आं? चित्र बघून इमान उडवायचं त्यानं?"

"दाजी, खेळणं हाय ते."

"मग खेळणं म्हणा. मिग म्हणू नका." त्यांनी तो तुकडा खोक्यात टाकला. मग मेहुणीकडे बघून मिस्कील हसले. "तू कर की. पर झुरळ करणं येगळं आनि हे येगळं."

झालं! मला मॅडमचा चेहरा आठवतो. परीक्षकानं डोळा लावला होता तेव्हाही तो इतका खुलला नव्हता.

"मी करतो. करून तुमच्याच म्होरं ठेवतो. मग बरोबर हाय म्हणायचं."

"बरोबर-बिरोबर म्हणत न्हाईत आमच्यात," दाजी म्हणाले. "सगळं बघून झालं की 'तयार' म्हणतात. आनि ते असं उगं तोंडदेखलं म्हणायचं नसतंय सुनंदा. मी तयार म्हटलं की त्यात पोरगं बसायचं आनि वर जायचं. घरात बायकोला बी मी कधी जेवण तयार काय म्हणून इचारलं न्हाय."

आक्कांनी आतून दुजोरा दिला.

तर मॅडमना तो एक शब्द हवा होता. बक्षीस नको, कौतुक नको. मोहरीएवढ्या डायलांत तोंड घालून त्या पुढची काही वर्षं बसल्या ती त्या शब्दासाठी. नंतर शहरातली विमानं जोडणारी छंदिष्ट मंडळी त्यांच्याकडे येऊ लागली. उद्यमनगरात फाउंड्री चालवणारे एक गृहस्थ, एक दातांचे डॉक्टर, आणखी एकदोघं. त्यांनी सांगितलं, मॅडम, असे बारीक भाग परदेशातून आयते मिळतात, मागवून देतो. मॅडम म्हणाल्या, "आनि दाजी तयार म्हणाले तर कुणाला म्हणाले म्हणायचं? पोस्टमनला?"

काम कसं चालायचं ते सांगतो. इंजेक्शनच्या सुईचं तोंड घासून धार लावायची आणि तिनं पातळ प्लॅस्टिकमधून गोल चकती पाडायची. ते झालं एक डायल. त्यावर एका केसाच्या ब्रशनं काटा आणि खुणा. वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब, तो वाळला की काच. मागं जुन्या इअरफोनच्या वायरीतली तार, कारण खऱ्या डायलामागं वायरी असतात. समोरची सबंध पाटी अंगठ्याच्या नखाएवढी. मागच्या वायरी जन्मात कुणाला दिसणार नव्हत्या. मी ते बोललो नाही. एकदा बोललेलं पुरलं होतं.

दाजी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. पाणी ओसरून गेलं होतं, ते शिरोळला परत गेले होते, पण तपासणीला म्हणून एसटीनं यायचे. चप्पल काढायची, हात धुवायचे, चष्मा पुसायचा, भिंग घ्यायचं, मान कलती करायची. आम्ही सगळे श्वास रोखून. मग एक बोट वर. "खुर्चीची उशी लई फुगलीया." दुसऱ्या खेपेला, "हा दांडा सरळ हाय, खरा जरा वाकडा असतोय." मॅडम तिथंच चिमट्यानं तो भाग उपसून काढायच्या. वाद घालायच्या नाहीत. जिनं प्राचार्यांशी वाद घातल्याशिवाय चहा घेतला नाही ती बाई दाजींसमोर नुसती "बरं" म्हणायची. मला ते बघून गंमत वाटायची आणि थोडा हेवाही वाटायचा.

रंगाचा प्रकार तर सांगायलाच हवा. मिगच्या कॉकपिटचा आतला रंग मोठा विचित्र, निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. मॅडमनी रंग कालवून कालवून वाट्या भरल्या. दाजी प्रत्येक वाटीला नाही म्हणून मान हलवायचे. फोटो दाखवले तर म्हणाले, "फोटोत मी कुठं ऱ्हायलो? मी आत ऱ्हायलो." शेवटी मॅडम एका सकाळी उठल्या आणि दाजींना घेऊन महाद्वार रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला बायका जातात ते दुकान. मी स्कूटरवरून मागोमाग गेलो, असला योग सोडायचा कोण?

दुकानदारानं विचारलं, "साडी दाखवा की वहिनी, कशावर मॅच करायचंय?"

"इमानावर," दाजी म्हणाले.

दुकानदार खमक्या. असल्या रस्त्यावर दुकान चालवणाऱ्याला कशाचंच नवल नसतं. त्यानं निळ्या-हिरव्या कापडाचे गठ्ठे एकामागून एक उलगडले. मोरपंखी, आनंदी, समुद्री, आणखी काय काय. आजूबाजूच्या बायका आपली मॅचिंगं विसरून दाजींच्या भोवती गोळा झाल्या. एकजण म्हणाली, "मामा, हा घ्या, मामींना उठून दिसंल." दाजी कुणाचं ऐकेनात. कापडाला कापड लावून, दारात नेऊन, उन्हात धरून बघत होते. "ह्यात निळा जास्ती... हा धुतला की असा हुईल... न्हाय..." आणि मग एका गठ्ठ्याशी ते थांबले. कापडावर नुसता हात ठेवला.

"हा," म्हणाले. "सकाळी पैल्यांदा झाकण उघडलं की हा दिसायचा."

मॅडमनी तो ब्लाउजपीस घेतला, घरी येऊन त्याच्या शेजारी वाटी ठेवून रंग कालवला आणि दाजींनी पहिल्यांदा मान हलवली नाही. उरलेल्या कापडाचा आक्कांनी ब्लाउज शिवला. त्या मिरवत सांगतात, माझा ब्लाउज लढाऊ विमानाचा आहे म्हणून.

एकदा मॅडमना खरं मिग डोळ्यांनी बघायची हुक्की आली. एका गावाच्या चौकात एक निवृत्त मिग चबुतऱ्यावर उभं करून ठेवलंय असं कुणीतरी सांगितलं. तिथं जाऊन मॅडमनी शेजारच्या मंडपवाल्याची शिडी मागून घेतली, पदर खोचला आणि वर चढल्या. खाली रखवालदार ओरडतोय, मी शिडी धरून त्याची समजूत घालतोय, चौकातली वाहतूक थांबलीय. वर जाऊन बघतात तर काय, काचा बाहेरून चंदेरी रंगानं गच्च रंगवलेल्या! आतलं काही दिसत नव्हतं. दुसरी बाई असती तर शरमेनं खाली उतरली असती. मॅडमनी वरूनच रखवालदाराला विचारलं, "हे कुणी रंगवलं? आत काय हाय ते कुणालाच बघायचं न्हाय काय?" उतरताना मात्र त्यांनी त्या रंगवलेल्या काचेवर तळहात टेकवला. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. आता आपलंच खरं."

फोटोंवर भरवसा ठेवून त्यांनी काम पुरं केलं. समोरच्या पाटीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं, वैमानिकाला वर-खाली कळेनासं झालं की त्यानं हातातला दांडा सरळ त्या रेघेच्या रोखानं पुढं लोटायचा. दाजींनीच ते सांगितलं होतं. ती रेघ मॅडमनी श्वास धरून मारली, पुसली, पुन्हा मारली. कडेच्या कळा त्यांनी टूथब्रशच्या केसांच्या केल्या, एकेक केस तासून, टोकाला रंगाचा ठिपका देऊन. मला तर ते बघून भीतीच वाटली. आता दाजींना बोट ठेवायला जागा नाही, असं फाउंड्रीवाले, डॉक्टर, मी, सगळे म्हणालो.

दाजी आले. हात धुतले. भिंग घेतलं. खूप वेळ बघितलं. आणि एकदम खो खो हसायला लागले.

"जेवायला गेलीस काय गं इमान चालू ठिवून?"

"काय झालं?"

"इमान उभं हाय. आत कोण न्हाय. झाकण उघडं हाय. आनि निम्म्या कळा वर! बॅटरी उतरली की सकाळपातूर. कुणी ठिवलं असं?"

मॅडम उठल्या, कपाटातले फोटो काढून आणले आणि भिंगाखाली धरले. खरंच, फोटोत निम्म्या कळा वर होत्या. फोटो सगळे प्रदर्शनात ठेवलेल्या विमानांचे. रांगेनं आत बसून बघणाऱ्या लोकांनी हौसेनं कळा वर-खाली केलेल्या आणि तशाच सोडलेल्या. मॅडमनी पाहुण्यांच्या हातांचे चाळे केसागणिक अचूक उतरवले होते. हवाई दलातल्या माणसालाच ती चूक दिसावी आणि मगदूम मॅडमसारख्या बाईच्याच हातून ती व्हावी! दुसऱ्या कुणी केलेल्या कळा वर आहेत की खाली हे कळण्याइतक्या नीट झाल्याच नसत्या.

मला वाटलं, आता चिडतील. आपली नाराजी मी तर लपवू शकलो नाही. मॅडम दाजींपेक्षा मोठ्यानं हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरं देवा, दुसऱ्यांची पोरं खेळून गेली आनि मी तेच्यावर पीएचडी केली!" आणि त्याच बैठकीत चिमटा घेऊन सगळ्या कळा उपटायला बसल्या. खाली असायच्या तशा खाली. चुकून हात लागू नये म्हणून ज्यांच्यावर लाल टोपी असते त्यांच्यावर लाल टोपी.

पुढे कोल्हापुरात छंदिष्टांनी एक प्रदर्शन भरवलं, आता त्याची गोष्ट. सभागृहात गर्दी बऱ्यापैकी होती. आगगाड्या, रणगाडे, जहाजं, काड्यापेटीच्या काड्यांचा रायगड. मॅडमचं मिग दाराजवळच्या टेबलावर होतं, नाक दाराकडे. कॉकपिटवरचं काचेचं झाकण अजून चिकटवलेलं नव्हतं, शेजारी कापसावर ठेवलं होतं. मॅडम काठापदराची साडी नेसून, जणू कुणाचं लग्न आहे अशा, खुर्चीवर ताठ बसलेल्या. मला विचारलं तर त्या घाबरलेल्या होत्या. त्यांना तसं बघायची मला सवय नव्हती.

दाजी आणि आक्का शिरोळहून पोचले. दाजींनी कडक इस्त्रीची पॅन्ट घातली होती. रामराम नाही, कशी आहेस नाही. टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सर, उजेड धरा."

मी टॉर्च धरली.

आणि दाजींनी या खेपेला भिंग घेऊन चूक शोधली नाही. त्यांनी हात पाठीमागं बांधले, वाकले आणि मोठ्यानं बोलायला लागले. डावीकडून. "थ्रॉटल. मागं. बरोबर. खालच्या कळा. बंद. बंद. बंद. ऑक्सिजन. हाय." आवाज वेगळाच होता, शिरोळातल्या उसाच्या फडातला नव्हता. आजूबाजूचे लोक एकेक करत थांबले. आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे मी कधी ऐकलं न्हाय ओ." चाळीस वर्षांचा संसार, पण त्यांनी नवऱ्याला कामावर कधी बघितलंच नव्हतं.

दाजी समोरच्या पाटीवर आले. वेग, उंची, होकायंत्र. प्रत्येक डायलाचं नाव आणि "हाय". पांढऱ्या रेघेपाशी आल्यावर ते थांबले.

मॅडम खुर्चीतून उठल्या.

दाजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "ही मी सोता मारायचो," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "सरळ हाय." आणि पुढं गेले.

तेवढ्यात परीक्षक आले. दोघं होते, गळ्यात ओळखपत्रं, हातात पेन. "जरा बाजूला होता का? आम्हाला आत बघायचंय."

"थांबा पावणं," दाजी मान वर न करता म्हणाले. "तपासणी चालू हाय."

परीक्षक थांबले. सबंध सभागृहात त्या आवाजापुढं कुणीही थांबलं असतं. दाजी उजव्या बाजूला आले. कळा. बंद, बंद. मग एका कळेपाशी आवाज तुटला. त्यांनी मान कलती केली. मॅडमनी साडीचा काठ मुठीत धरला होता.

"हेची टोपी?"

"खाली बघा दाजी. सावली पडलीया."

"उजेड इकडं घ्या सर."

मी टॉर्च सरकवली. लाल टोपी होती. टाचणीच्या डोक्याहून लहान, आपल्या जागेवर, बंद. दाजींनी हुंकार दिला. "पट्टे. हायत. उशी. हाय." आणि ते सरळ उभे राहिले. पाय जुळवले. कुणाकडे बघितलं नाही, विमानाकडेच बघत होते.

"तयार!"

हा शब्द त्यांनी असा म्हटला की काड्यांच्या रायगडापाशी उभे असलेले लोकही वळले. मॅडमचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही, मराठी शिकवण्यात आयुष्य घालवूनही येणार नाही. एवढंच सांगतो, की मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परीक्षक आता पुढे सरकले. पण मॅडम त्यांच्या आधी टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांनी सुईच्या टोकावर पांढरा गोंद घेतला, कापसावरचं काचेचं झाकण चिमट्यात उचललं, कडेला गोंद फिरवला आणि झाकण कॉकपिटवर बसवून बोटानं दाबून धरलं.

"अहो मॅडम!" परीक्षक ओरडले. "आम्ही अजून आत नीट बघितलंसुद्धा नाही! आता काय बघणार? गुण कशाला द्यायचे?"

"नका देऊ," मॅडम म्हणाल्या. त्या इतक्या खुशीत होत्या की माणसाचा अपमान होतोय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. "इमान तयार झाल्यावर झाकण उघडं ठेवत न्हाईत. व्हय की न्हाय दाजी?"

दाजी एक पाऊल मागं गेले, मग दोन्ही हात पसरून टेबलासमोरच्या गर्दीला मागं सारू लागले. मला, आक्कांना, फाउंड्रीवाल्यांना, सगळ्यांना. विमानाच्या नाकापासून सभागृहाच्या उघड्या दारापर्यंतची वाट त्यांना मोकळी हवी होती. मॅडम पंखाशेजारी उभ्या होत्या, झाकणावरचं बोट अजून काढलं नव्हतं आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघून हसत होत्या. आम्ही सगळे, परीक्षकांसकट, निमूट बाजूला झालो.